मुकादमाची जीभ

“ये ताट मी त्यांचे म्होरं ठेवनार नाय,” असं म्हणून मंजुळाबाईने ताट उचललं आणि परत चुलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. “तुला ठेवायचं तर ठेव. पन मी घरान हाय तवर नको.”

ताटात वाईट काहीच नव्हतं. तांदळाची भाकरी होती, दुधीची भाजी होती, वाटीत वरण होतं आणि सकाळीच खाडीवरून आलेल्या बोई माशाचा तुकडा तव्यावर भाजून ठेवलेला होता. नव्हतं ते फक्त मीठ. शकूने ते मुद्दाम घातलं नव्हतं आणि तेवढ्यावरून घरात सकाळपासून महाभारत चाललं होतं.

“आये, अगं मीठच नाहीये फक्त. विष घातल्यासारखी काय करतेस?”

“विष परवडलं! मानूस जित्ता बसलाय वट्यावर, अन् तू त्याला अलनी वाढतेस? तुजे कॉलेजान ह्याच शिकवतान काय?”

आईच्या बोलण्याचा अर्थ शकूला कळत होता. भोईरांच्या घरात अळणी रांधायची वेळ एकच. घरातलं माणूस गेलं की दहा दिवस चुलीवरच्या भांड्यात मीठ पडत नसे. दहावं झालं की भावकीतलं कुणीतरी मूठभर मीठ घेऊन येई, ते आमटीत पडे आणि घर पुन्हा चालू झालं असं सगळे धरून चालत. सासऱ्याच्या वेळी, सासूच्या वेळी आणि शकूच्या पाठचा भाऊ तापाने गेला तेव्हा मंजुळाबाईने ते अन्न गिळलेलं होतं. तीच चव नवऱ्याच्या ताटात, तो बाहेर धडधाकट बसलेला असताना वाढायची म्हणजे तिचा हात मागे येणारच.

धडधाकट हा शब्द मात्र जरा सढळ हाताने वापरला. गोमाजी भोईर हा कळव्याच्या खाडीकाठच्या एका मिठागराचा मुकादम. माणूस भला दांडगा, आवाज असा की या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायला त्याला तोंडाशी हात न्यावा लागत नसे. पण सत्त्याऐंशीच्या दिवाळीपासून त्याचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडे आणि तो तसाच राही. बांध चढताना धाप लागे. ठाण्याच्या डॉक्टर मराठ्यांनी रक्तदाब बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाले, “हृदय थकलंय, मुकादम. गोळ्या त्यांचं काम करतील, पण मीठ बंद. पुरतं बंद. शिमग्यापर्यंत सूज उतरली नाही तर मी तुम्हाला अ‍ॅडमिट करणार आणि मग आगर विसरायचं.”

“मीठ बंद?” गोमाजी हसलाच. “डॉक्टर, माशाला सांगाल काय, पानी बंद?”

डॉक्टर हसले नाहीत. शकू शेजारीच उभी होती. तीही हसली नाही.

शकू त्या वर्षी पोषण आणि आहारशास्त्र या विषयाच्या ऑनर्स पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. हे नाव वाडीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वाडीने त्याचं आपल्यापुरतं ‘सैपाकाचं कॉलेज’ करून टाकलं होतं. तिचा काका काळुराम तर जाता-येता म्हणे, “चूल फुकाला शिकाला पोरगी मुंबईला जाते! आयशीनं घरी फुकट शिकवलं असतं.” या काळुरामाने आपल्या वाटची जमीन बिल्डरला देऊन मोटारसायकल घेतली होती आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही विषयावर मत द्यायला तो मोकळा होता. शकूला आधी राग येई, मग हसू यायला लागलं. सैपाक हा त्या शिक्षणाचा शेवटचा तुकडा. त्याआधी रक्त, मूत्रपिंड, यकृत आणि पानंच्या पानं रसायनशास्त्र. घशाखाली गेलेल्या घासाचं पुढे काय होतं हे कळायला लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपण जन्मभर हेच करावं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करताना एका म्हातारीने तिच्या हातची पेज संपवून वाटी पुढे केली होती, त्या दिवशी ती घरी गाणं म्हणत आली होती.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकीने एक रुग्ण निवडायचा, महिनोन् महिने त्याचा आहार सांभाळायचा आणि परीक्षेत तो परीक्षकांपुढे मांडायचा, असा नियम होता. शकूने वडिलांचं नाव दिलं तेव्हा जोगळेकर मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

“घरचं माणूस घेऊ नये, शकुंतला. घरचं माणूस आपल्याला पेशंट म्हणून दिसत नाही.”

“मॅडम, मला सध्या दुसरा कुणी पेशंट दिसतच नाहीये,” शकू म्हणाली.

आणि हे आता पहिल्याच ताटाला अडलं होतं. बाहेरून गोमाजीचा आवाज आला, “जेवाला मिलेल काय आज? का त्या पन डॉक्टरनं बंद केलंय?”

मंजुळाबाईने डोळे पुसले. मग म्हणाली, “ताटान मीठ तरी वाढू दे. कडेला. मीठ नाय ता ताट नाय.”

शकूने विचार केला. कुठल्याही घरात ताट वाढताना आधी मीठच वाढतात. ते कडेला दिसलं की ताट जिवंत माणसाचं झालं. “वाढ,” ती म्हणाली आणि ओट्याकडे वळून ओरडली, “पण बाबा, त्याला बोट लावायचं नाही. शपथ घे.”

“आगराची शपत,” गोमाजी म्हणाला. ही शपथ त्याने जन्मात मोडलेली नव्हती, हे दोघींना ठाऊक होतं. मंजुळाबाईने कडेला चिमूटभर मीठ वाढलं, मग ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि तो पहिला घास घेईपर्यंत ती तोंड फिरवून उभी राहिली.

पहिले काही दिवस फार कठीण गेले. गोमाजी भाजीकडे बघून विचारी, “ह्या काय हाय?”

“कोबी.”

“कोबीला सांग, माज्याकडून काय चूक झाली आसल तर माफ कर.”

शकूही हट्टी. मीठ काढून घेतलं की जीभ रुसते, तिला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, हे पुस्तकात तीन ओळींत लिहिलेलं होतं. त्या तीन ओळी प्रत्यक्षात आणताना तिच्या नाकी नऊ आले. कोकमाचं आगळ खारं, म्हणून तिने बिनमिठाची आमसुलं शोधून आणली. चिंच, लिंबू, मिरी, ओवा, ठेचलेला लसूण, भाजलेलं खोबरं, सगळं करून बघितलं. सुकट, बोंबील, पापड, लोणचं घरातून हद्दपार झालं आणि काळुरामाकडे पोचलं. त्या महिन्यात काळुराम पहिल्यांदाच शिक्षणाच्या बाजूने बोलला. हळूहळू गोमाजीची जीभही वळायला लागली. एके दिवशी त्याने आंबट-तिखट बोईचा रस्सा भाकरीने पुसून घेतला आणि वाटी पुढे केली. शकू आत जाऊन एकटीच हसली.

मीठ ताटाच्या कडेला रोज जसंच्या तसं राही. मंजुळाबाई ते पाण्यात सोडून देई. संक्रांत झाली, आणि थोड्या दिवसांनी शकूने वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला नाही. तिने दुसऱ्या पायावर दाबून बघितलं. तिथेही नाही. मंजुळाबाईने देवापुढे साखर ठेवली आणि जोगळेकर मॅडमनी शकूच्या कागदांवर ‘छान’ असा शेरा मारला. तो शब्द त्या वर्षात दोनदाच वापरत असत.

त्यानंतर पंधरा दिवसांत सूज परत आली.

आली ती दुपटीने आली. सकाळीच पाय जड, दुपारी डोळ्यांखाली फुगलेलं, रात्री आडवं झालं की धाप लागे म्हणून उशांवर उशा. डॉक्टर मराठ्यांनी गोळी वाढवली आणि शिमगा किती दिवसांवर आलाय ते भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. शकूने तेच ताट, तेच पदार्थ पुन्हा पुन्हा तपासले. पुस्तकं उलटी-पालटी केली. रोज संध्याकाळी ती वडिलांना विचारी, काय काय खाल्लं, आणि गोमाजी शाळकरी पोरासारखा एकेक घास सांगे. त्यात काहीच लपवलेलं वाटत नव्हतं. मग उरलं कोण?

माणूस अडला की आधी घरातल्यावरच संशय घेतो. तिनेही तेच केलं.

“आये, खरं सांग. तू रस्स्यात थोडं टाकतेस ना? दया येते म्हणून?”

मंजुळाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. “तुजे डोक्यावं हात ठेवून सांगताव. एक खडा नाय.”

शकूने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना तिने मिठाची बरणी उघडली आणि आतल्या मिठावर बोटाने एक रेघ मारून ठेवली. संध्याकाळी आली तेव्हा बरणी फळीवर नव्हती. ती शकूच्या टेबलावर होती, पुस्तकांच्या शेजारी, झाकण घट्ट लावलेली. त्या दिवसापासून आई स्वतःच्या आमटीलाही मीठ मागायला शकूच्या टेबलापाशी आली नाही, अळणीच जेवली. शकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिला माफीही मागता येईना, कारण मनातला संशय अजून पुरता गेला नव्हता.

कॉलेजात तिने मॅडमपुढे कागद ठेवले आणि तिचा बांध फुटला. “मॅडम, मला काही येत नाही. चार वर्षं वाया गेली. माझ्या घरातल्या एका माणसाचं मला कळत नाहीये.”

जोगळेकर मॅडमनी तिला रडू दिलं. मग विचारलं, “तू त्यांना रोज काय विचारतेस?”

“काय खाल्लं ते.”

“आणि ते खोटं बोलतात?”

“आगराची शपथ घेतलीय त्यांनी. खोटं नाही बोलणार.”

“मग विचारणं बंद कर आता. एक अख्खा दिवस त्यांच्यामागे राहा. ताटापाशी आपल्याला माणूस अर्धा तास दिसतो, आणि आपल्याला वाटतं आपण त्याला बघितलं.”

दुसऱ्या दिवशी शकू कॉलेजला गेलीच नाही. उजाडता उजाडता ती गोमाजीच्या मागोमाग आगरावर गेली. लहानपणी ती इथे भाकरी पोचवायला यायची, पण दहावीनंतर ते सुटलं होतं. भरतीचं पाणी आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत, उन्हात आटवत शेवटी छोट्या चौकोनी कुंड्यांत आणलेलं होतं. कुंड्यांच्या तळाशी मीठ बसायला लागलं होतं. हंगाम सुरू झाला होता. नाथा आणि बाकीचे गडी लांब दांड्याच्या फळ्या घेऊन बांधावर उभे होते, बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, आणि सगळे गोमाजीची वाट बघत होते.

गोमाजी पहिल्या कुंडीपाशी गेला. सुजलेले पाय कसेबसे वाकवून खाली बसला, पाण्यात हात घालून चिमूटभर खडे उचलले, बोटांनी चोळले आणि तोंडात टाकले. डोळे मिटून तो तसाच थांबला. मग घशाची गाठ हलली. “वढा,” तो म्हणाला. नाथाची फळी कुंडीत उतरली.

दुसऱ्या कुंडीपाशी पुन्हा तेच. तिसऱ्या कुंडीला तो जास्त वेळ थांबला, आणखी एक चिमूट घेतली आणि म्हणाला, “राहू दे.” मग चौथी. समोर खाडीपर्यंत कुंड्याच कुंड्या होत्या.

“बाबा!” शकू बांधावरून धावत सुटली. “काय खातोस तू?”

“खाताव कुठं?” गोमाजीने आश्चर्याने बघितलं. “बघताव.”

“तोंडात टाकलंस ना आता!”

“मंग मीठ काय कानान घालून बघतान?”

नाथा खो खो हसला. शकूला हसावं की रडावं कळेना. बाप खोटं बोलला नव्हता. घेतलेल्या शपथेला त्याने धक्का लावला नव्हता. ती रोज विचारत होती, काय खाल्लं, आणि हे त्याच्या लेखी खाणं नव्हतंच; हे काम होतं. डोळ्याने बघतात तसं तो जिभेने बघत होता. आणि मार्गशीर्ष-पौषात कुंड्या रिकाम्या होत्या तेव्हा बघायला काही नव्हतं, म्हणून पाय उतरले होते.

“बघितल्यावर थुंकून का नाही टाकत?”

टोपलीवाल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गोमाजी हळू आवाजात म्हणाला, “आगरावं मीठ थुकाचा नाय, पोरी. ज्याचेवं घर उभं हाय त्याचेवं थुकाचा? बघलं की गिलाचा. माज्या बापानं गिललं, आज्यानं गिललं.”

शकू बांधावर त्याच्याशेजारी बसली. तिला राग आला नाही. पुस्तकातलं कुठलंच वाक्य या वाक्यापुढे उभं राहणार नाही, एवढं तिला कळलं. “मग बघणं बंद कर,” ती म्हणाली. “दुसऱ्याला सांग.”

“कोनाला? मीठ बसलं की मागं कडू पानी ऱ्हाते. ता कडू मिठाला लागलं की व्यापारी गारी परत पाठवतान. ता जिभेलाच कलतं, डोल्याला नाय. नाथाची जीभ तंबाकून मेली.”

“पार मेली,” नाथाने कबूल केलं.

“जेवनातला सोडला,” गोमाजी म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. “बोंबील सोडलं, पापड सोडला, तुजी कोबी खाल्ली. ह्या नको मागूस. ह्या सोडल्यावं मी बांधावरला खांब. खांब किती दिवस जगवशील?”

शकूने त्याच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, मग कुंडीकडे. “मी बघते,” ती म्हणाली.

“काय?”

“मीठ. मी बघते तुझ्याऐवजी. माझं हृदय चांगलं आहे, मी गिळेन.”

गडी हसायला लागले. बायकांनी या आगरावर जन्मभर मीठ वाहिलं होतं, पण कुठल्या बाईला ते कसं झालंय असं कुणी विचारलेलं नव्हतं. गोमाजीही हसला, पण त्यात जीव नव्हता. तेवढ्यात टोपली बाजूला ठेवून रंभा म्हणाली, “हसताव कनाला रं? आमचे डोक्यावरशी जातंय, येकदा जिभेवरशी जाऊ दे.”

उरलेल्या कुंड्या गोमाजीने स्वतःच बघितल्या. शकूने त्याला अडवलं नाही. ती फक्त मागोमाग चालत राहिली आणि त्याच्या घशाची गाठ किती वेळा हलते ते मोजत राहिली. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला चप्पल पायातून काढता येईना. मंजुळाबाईने बसून ती ओढून काढली तेव्हा कातड्यावर पट्ट्यांचा खोल ठसा उमटलेला होता. गोमाजीने त्या ठशावरून बोट फिरवलं.

“उद्या येशील काय?” त्याने शकूला विचारलं.

“येईन.”

“चहा नको पिऊस येताना. जीभ कोरी पायजे.”

त्याच संध्याकाळी शकूने मिठाची बरणी टेबलावरून उचलली आणि चुलीपाशी नेऊन आईच्या हातात दिली. “आये, चुकलं माझं.” मंजुळाबाईने बरणी घेतली, फळीवर ठेवली आणि म्हणाली, “वरन ढवल. करपेल.” एवढंच. पण वाढताना तिने स्वतःच्या आमटीत मीठ घातलं, आणि शकूचा जीव भांड्यात पडला.

मग रोज सकाळी आगर आणि आगरावरून कॉलेज असं सुरू झालं. पहिल्या दिवशी तिला सगळं मीठ सारखंच लागलं. “खारट तर सगलाच आसते,” गोमाजी म्हणाला. “खारट जाऊ दे. मागनं काय येतंय त्याची वाट बघ.” ती वाट बघायला शिकली. खारटपणा ओसरला की जिभेच्या मुळाशी कधी काहीच नसे, आणि कधी कडुलिंबाचा पाला लांबून जावा तसं काहीतरी येई. ती चुकली, पुष्कळदा चुकली. पहिल्या आठवड्यात गोमाजी तिच्यामागून एकेक दाणा बघे. मग चार कुंड्यांमागे एक, मग आठांमागे एक. मीठ सोडवायचं तर एकदम तोडायचं नाही, हे ताटापाशी न जमलेलं तिला आता इथे जमायला लागलं होतं. कॉलेजात पोचेपर्यंत तिचे ओठ फुटलेले असत आणि ती तांब्यातांब्याने पाणी पीत असे. मैत्रिणी म्हणत, “अगं, तू काय समुद्र पिऊन येतेस काय?” तर ती म्हणे, “खाडी.”

शिमगा आला. डॉक्टर मराठ्यांनी नडगीवर अंगठा दाबला, पुन्हा दाबला. “काय केलंत, मुकादम?”

“जीभ बदलली,” गोमाजी म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण अ‍ॅडमिट करायचा कागद त्यांनी खणात परत टाकला.

परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी शकूचे कागद वाचले आणि मधल्या एका पानावर बोट ठेवलं. “इथे तब्येत एवढी बिघडली. तुमचं काय चुकलं?”

शकूने आदल्या रात्री या प्रश्नाचं इंग्रजीतलं लांबलचक उत्तर पाठ केलं होतं. ते आठवेना. “मी त्यांचं खाणं विचारलं,” ती म्हणाली. “काम विचारलं नाही.”

बाईंनी मान वर केली. मग त्यांनी कडू पाण्याबद्दल विचारलं, मग कुंड्यांबद्दल, मग न थुंकण्याबद्दल. पुढची मुलगी दाराबाहेर ताटकळत होती आणि आत चहा निवून गेला होता. जोगळेकर मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. निकाल जूनमध्ये लागायचा होता, पण त्या दिवशी त्यांनी त्या वर्षातला उरलेला ‘छान’ वापरून टाकला.

मे महिना संपत आला. हंगामाचं शेवटचं मीठ कुंड्यांत होतं आणि रस्त्यावर व्यापाऱ्याचा माणूस देवराम ट्रक घेऊन सकाळपासून उभा होता. गोमाजी काठी न घेता बांधावर चालत होता. मोठ्या कुंडीपाशी सगळे थांबले. मीठ असं बसलं होतं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. गोमाजीच्याही तोंडावर ते दिसलं. गड्यांनी फळ्या सरसावल्या.

शकू वाकली. चिमूट घेतली, चोळली, जिभेवर ठेवली. खारटपणा आला आणि गेला. ती वाट बघत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“नाय,” ती म्हणाली. “कडू हाय अजून.”

“अहो काय मुकादम!” देवराम वैतागला. “दुधासारखं पांढरं आहे. माझा ट्रक रिकामा नेऊ का? लहान पोरगी आहे ती. तुम्ही बघा ना एकदा, तुमच्या शब्दावर उचलतो मी.”

गोमाजीने तिच्याकडे बघितलं. मग तो खाली बसला आणि कुंडीत हात घालून एक खडा उचलला. शकूच्या ओठावर शब्द आला होता, पण तिने तो गिळला. हे तिने सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. गोमाजीने खडा दोन बोटांत धरून उन्हात फिरवून बघितला. एवढ्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात अर्ध्यापर्यंत वर आलासुद्धा.

मग त्याने खडा परत कुंडीत सोडला आणि पाटाच्या पाण्यात बोटं धुतली.

“आयकलं नाय काय?” या बांधावरून त्या बांधावर जाणाऱ्या आपल्या जुन्या आवाजात तो गड्यांवर ओरडला. “कडू हाय म्हनते ना ती! पानी सोडा. उद्या वढू.”

देवराम पुटपुटत ट्रककडे वळला. शकू अजून चव जिभेवर धरून उभी होती. नाथाने कुंडीच्या तोंडाची माती फळीने बाजूला केली आणि कडू पाणी सावकाश खाडीकडे वाहायला लागलं.